अधिकार कोणाचा, सत्याचा की व्यक्तीचा? : कॅथलिक धर्मविचारातील एका स्थित्यंतराचा इतिहास

१

धर्मसंस्था आपली मते सहसा एकाएकी टाकून देत नाहीत. जुने शब्द तसेच ठेवावयाचे आणि त्यांचा अन्वय मात्र बदलावयाचा, ही त्यांची नेहमीची रीत होय. म्हणून धर्मविचाराच्या इतिहासात कोणते शब्द आले यापेक्षा कोणता शब्द कोणाला लावला गेला, हे पाहणे पुष्कळदा अधिक उद्बोधक ठरते. धर्मस्वातंत्र्याविषयी कॅथलिक चर्चच्या भूमिकेत १८३२ ते १९६५ या काळात जे स्थित्यंतर घडले, ते या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

१८३२ च्या ऑगस्टमध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मिरारी व्होस’ या परिपत्रकात, प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे, या मताची गणना निव्वळ भ्रमिष्टपणात केली. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘दिग्नितातिस हुमानाए’ हा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत केला आणि धर्माच्या बाबतीत सक्तीपासून मुक्त असणे हा प्रत्येक माणसाचा निसर्गसिद्ध अधिकार मानला. दोन्ही विधाने एकाच संस्थेची आणि दोन्ही अधिकारवाणीने केलेली. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाटचाल म्हणजे काळाच्या रेट्यापुढे घेतलेली माघार होती, की तिच्यामागे विचाराचे काही सूत्र होते? प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, या काळात ‘अधिकार’ या शब्दाचा धनी बदलला. पूर्वी अधिकार सत्याचा होता, पुढे तो व्यक्तीचा झाला. आणि बाकीचे बहुतेक फेरफार या एका फेरफारातून निघाले.

२

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे दोन प्रवाह प्रारंभापासून आढळतात. ख्रिस्ती लोक रोमन साम्राज्यात अल्पसंख्य आणि छळग्रस्त होते तेव्हा तेर्तुल्लियन या लेखकाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘धर्माचे स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग केला. लॅटिन वाङ्मयात तो प्रथम त्याच्याच लेखनात आढळतो. चौथ्या शतकाच्या आरंभी लाक्तान्तियसनेही भक्ती बळाने उत्पन्न करता येत नाही, असे प्रतिपादन केले. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनी सर्वांनाच उपासनेची मोकळीक दिली. परंतु ३८० मध्ये थिओडोसियसने ख्रिस्ती धर्माला राजधर्माचे स्थान दिले आणि छळ सोसणाऱ्यांच्या हाती छळण्याचे साधन आले.

संत ऑगस्टिन यांच्या चरित्रात हे परिवर्तन स्पष्ट दिसते. आफ्रिकेतील दोनातवादी फुटीर पंथाविरुद्ध बळाचा वापर करू नये, असे त्यांचे आरंभीचे मत होते. शासनाच्या धाकाने अनेक लोक परत आल्याचे पाहिल्यावर त्यांनी ते बदलले आणि लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्तात, पाहुण्यांना आग्रहाने आत आणण्याची जी आज्ञा आहे, तिचा आधार घेतला. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या दोन प्रवाहांची सांगड घातली. श्रद्धा ही इच्छेची कृती असल्यामुळे ज्यांनी ती कधीच स्वीकारली नाही त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. परंतु ज्यांनी ती स्वीकारून सोडली त्यांना दिलेले वचन पाळण्यास भाग पाडता येते. दारातून आत येणे ऐच्छिक, बाहेर जाणे मात्र नाही, असा या व्यवस्थेचा अर्थ होता.

मराठी वाचकाला या तत्त्वाचा व्यवहार पाहण्यासाठी रोमपर्यंत जावयास नको. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले धर्मन्यायालय १७७४ ते १७७८ हा खंड वगळता १८१२ पर्यंत चालू राहिले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने घरात पूर्वीच्या चालीरीती पाळल्या तर तो आरोपी होई. त्याच्या मनाची साक्ष विचारात घेण्याचे न्यायालयाला कारण नव्हते, कारण खटल्यात खरा वादी सत्य हे होते.

३

फ्रेंच राज्यक्रांतीने हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा केला. १७९० च्या कायद्याने फ्रान्समधील धर्मगुरू शासनाचे नोकर बनले आणि पोप सहावे पायस १७९९ मध्ये फ्रेंचांच्या कैदेत मरण पावले. साहजिकच रोमच्या कानी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पडे तो चर्चवर शासनाचे स्वामित्व, या अर्थाने. हा अनुभव लक्षात घेतल्याखेरीज एकोणिसाव्या शतकातील पोपांची कठोर भाषा समजणार नाही. तथापि तिचे समर्थन त्यामुळे होत नाही. १८३० मध्ये लामने या फ्रेंच धर्मगुरूने ‘लाव्हनीर’ हे पत्र काढून, चर्चने राजसत्तेचा आश्रय सोडावा आणि स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहावे, असा पक्ष मांडला. ‘मिरारी व्होस’ हे परिपत्रक मुख्यतः त्यालाच उत्तर होते.

या भूमिकेची मानवी किंमत १८५८ च्या एका प्रकरणात जगाला दिसली. पोपच्या राज्यातील बोलोन्या शहरात एदगार्दो मोर्तारा नावाचा सात वर्षांचाही न झालेला ज्यू मुलगा होता. तो तान्हेपणी आजारी असताना घरातील मोलकरणीने त्याला गुप्तपणे बाप्तिस्मा दिला होता. ही गोष्ट उघडकीस येताच शिपायांनी मुलाला आईबापांपासून नेले, कारण बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे पालनपोषण ज्यू घरात होणे कायद्याला मंजूर नव्हते. युरोप व अमेरिकेत निषेध झाला, परंतु पोप नववे पायस यांनी मूल परत केले नाही. पुढे तो धर्मगुरू झाला आणि १९४० मध्ये मरण पावला. आईबापांच्या इच्छेविरुद्ध ज्यू मुलांना बाप्तिस्मा देणे अक्वायनस यांनाही अमान्य होते, आणि तसा देण्यास चर्चच्या नियमांची मनाई होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पण एकदा संस्कार घडल्यावर मूल सत्याच्या अधिकारकक्षेत आले, आणि त्या अधिकारापुढे आईबापांचा अधिकार टिकला नाही. अधिकार व्यक्तीचा न मानता तत्त्वाचा मानला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

८ डिसेंबर १८६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेबस’ या ८० त्याज्य विधानांच्या यादीत, कॅथलिक धर्म हाच एकमेव राजधर्म असणे आता इष्ट नाही, हेही विधान आले. यादीने उडालेली खळबळ शमविण्यासाठी ऑर्लेआँचे बिशप द्युपाँलू यांनी ‘सिद्धान्त’ आणि ‘परिस्थिती’ असा भेद पुढे केला. सिद्धान्ततः कॅथलिक राज्य हाच आदर्श, परिस्थितीवशात् मात्र इतर धर्मांना मोकळीक द्यावी लागते. या तोडग्याने तात्पुरते समाधान झाले, पण एक नैतिक अडचण कायमची मागे लागली. कॅथलिक अल्पसंख्य असतील तेथे स्वातंत्र्य मागावयाचे आणि बहुसंख्य असतील तेथे ते नाकारावयाचे, असा दुटप्पीपणाचा आरोप विरोधक करीत, आणि त्याला उत्तर देणे कठीण होते. भ्रमाला कसलाच अधिकार नसतो, हे त्या काळचे प्रमाणवाक्य. त्यात अधिकाराचा कर्ता माणूस नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

४

बदलाची सुरुवात धर्मस्वातंत्र्याच्या चर्चेत न होता मजुरांच्या प्रश्नात झाली. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी मजुराच्या मानवी प्रतिष्ठेचा पुरस्कार केला. तोच लिओ १८८८ च्या ‘लिबेर्तास’ या परिपत्रकात उपासनास्वातंत्र्याच्या आधुनिक कल्पनेवर टीका करतात. दोन्ही विचार एकाच मनात काही काळ शेजारी शेजारी राहिले.

‘दिग्नितास’ हा लॅटिन शब्द मूळचा रोमन राजकारणातील. पद, कुळ व पराक्रम यांमुळे मिळणारा मान असा त्याचा अर्थ. हा मान काहींना असे आणि काहींना नसे. सिसेरोने मात्र एके ठिकाणी मनुष्यस्वभावाची म्हणून एक प्रतिष्ठा सांगितली, आणि माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला आहे या बायबलमधील कल्पनेशी तिचा संयोग होऊन शब्दाचा अर्थ पालटू लागला. जो मान वेगळेपणामुळे मिळे तो आता केवळ माणूस असल्यामुळे मिळू लागला. मजुराच्या बाबतीत हा अर्थ मान्य केल्यावर, चुकीचा धर्म पाळणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो किती काळ नाकारता येणार होता?

विसाव्या शतकातील सर्वंकष राजवटींनी या प्रश्नाला निकड आणली. १९३१ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीशी झगडताना पोप अकरावे पायस यांनी ‘नॉन अब्बियामो बिझोन्यो’ या इटालियन परिपत्रकात एक सूक्ष्म भेद केला. आपण सदसद्विवेकबुद्धींच्या, म्हणजे अनेकवचनी, स्वातंत्र्यासाठी लढत आहो. एकवचनी स्वातंत्र्यासाठी नव्हे, कारण त्या शब्दाने ईश्वरापासून बुद्धीची संपूर्ण मुक्तता सूचित होते, असा त्यांचा खुलासा होता. मराठीत या शब्दाचे अनेकवचन सहसा होत नसल्याने भेद भाषांतरात निसटतो. इटालियनमध्ये मात्र तो अर्थपूर्ण आहे. अनेकवचन येताच अमूर्त तत्त्वाच्या जागी जिवंत माणसे उभी राहतात. शब्दयोजनेचा हेतू जुनी भूमिका सांभाळण्याचा असेल, पण तिने नव्या भूमिकेला वाट करून दिली.

बारावे पायस यांनी १९४२ च्या नाताळच्या नभोवाणी-भाषणात मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा हा समाजरचनेचा पाया मानला. ६ डिसेंबर १९५३ रोजी कायदेपंडितांपुढे बोलताना मात्र त्यांनी, असत्याला वस्तुतः अस्तित्वाचा किंवा प्रचाराचा अधिकार नाही, हे जुने तत्त्व पुन्हा सांगितले. परंतु अधिक मोठ्या हितासाठी ते कायद्याने न दडपणे न्याय्य ठरू शकते, अशी पुस्तीही जोडली. येथपर्यंत विचार सहिष्णुतेपाशी येऊन थांबला होता. सहिष्णुता आणि अधिकार यांत मोठे अंतर आहे. सहन करणारा वरच्या पायरीवर असतो आणि सहन करणे केव्हाही थांबवू शकतो. अधिकार असलेल्याला कोणाच्या कृपेची गरज नसते.

५

हे अंतर ओलांडण्याचे बौद्धिक कार्य ज्यांनी केले त्यांत फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ आणि अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांची नावे अग्रगण्य आहेत. मारितँ यांनी १९३६ च्या ‘समग्र मानवतावाद’ या ग्रंथात धर्मराज्याचा मध्ययुगीन आदर्श हा एका विशिष्ट काळाचा आदर्श होता, सर्वकालीन नव्हे, असे दाखविले. मरे (१९०४–१९६७) यांनी मेरीलँडमधील वुडस्टॉक येथे अध्यापन करीत असताना ‘थिऑलॉजिकल स्टडीज’ या नियतकालिकातून लिओंच्या लेखनाची ऐतिहासिक चिकित्सा केली. लिओंचे शब्द त्यांच्यासमोरील युरोपातील धर्मविरोधी राज्यांना उद्देशून होते. धर्माच्या बाबतीत आपला अधिकार मर्यादित मानणाऱ्या संविधानात्मक राज्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. या मुद्द्याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. कोणता धर्म सत्य, हे ठरविण्याची पात्रताच राज्याला नाही. म्हणून सत्याच्या नावाने दंड उगारण्याचा प्रश्नच राज्यापुरता उद्भवत नाही.

रोममध्ये हे मत रुचले नाही. कार्डिनल ओत्ताव्हियानी यांनी १९५३ मध्ये कॅथलिक राज्याच्या सिद्धान्ताचे जाहीर समर्थन केले आणि १९५५ मध्ये मरे यांना वरिष्ठांकडून या विषयावर लेखन थांबविण्याची सूचना मिळाली. त्यांनी ती पाळली. परिषदेच्या पहिल्या अधिवेशनालाही त्यांना बोलावणे नव्हते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्या आग्रहाने ते तज्ज्ञ म्हणून रोमला गेले.

त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी पोप तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक निघाले. त्यात चूक आणि चुकणारा माणूस यांत भेद करावा, चुकल्यामुळे माणसाची मानवी प्रतिष्ठा नष्ट होत नाही, असे स्पष्ट झाले. प्रमाणवाक्याचे उत्तर येथे सिद्ध झाले होते. भ्रमाला अधिकार नाही हे खरे. पण तसा तो सत्यालाही नाही. अधिकार ही वस्तूच अशी आहे की, ती केवळ व्यक्तीच्या ठिकाणी राहू शकते.

६

परिषदेत हा विषय प्रथम ख्रिस्ती ऐक्यविषयक मसुद्याचे पाचवे प्रकरण म्हणून आला. कार्डिनल बेआ यांच्या सचिवालयाने तो तयार केला होता आणि १९ नोव्हेंबर १९६३ रोजी ब्रूजचे बिशप द स्मेत यांनी तो सभेपुढे ठेवला. बरोबर एक वर्षाने, १९ नोव्हेंबर १९६४ रोजी, मतदान ऐनवेळी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. शेकडो बिशपांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे तातडीचा अर्ज केला, परंतु निर्णय पुढील अधिवेशनावर गेला. यानंतर दोनच आठवड्यांनी पोप मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेसाठी भारतात आले आणि ३ डिसेंबर रोजी अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. या प्रसंगाचा मसुद्यावर परिणाम झाला असे म्हणण्यास आधार नाही, तथापि चर्चचे मन कोणत्या दिशेने वळत होते याची ती खूण होती.

विरोधकांचा आक्षेप उथळ नव्हता. चर्चने शतकानुशतके शिकविलेली गोष्ट चुकीची ठरली तर तिच्या शिकवणीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा, असा आर्चबिशप लफेव्र व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला साम्यवादी राजवटींखालील बिशपांचा अनुभव होता. क्राकोचे आर्चबिशप व्होयतिवा, पुढील काळातील पोप दुसरे जॉन पॉल, यांनी स्वातंत्र्याचा सत्यशोधनाशी असलेला संबंध मसुद्यात दृढ करण्याचा आग्रह धरला. सर्वांत परिणामकारक भाषण प्रागचे कार्डिनल बेरान यांचे झाले. नाझींचा छळ आणि नंतर साम्यवाद्यांची दीर्घ स्थानबद्धता त्यांनी सोसली होती. आपल्या देशातील चर्च आज जे भोगीत आहे ते यान हुसला जाळल्याचे आणि सतराव्या शतकात लोकांवर बळाने कॅथलिक धर्म लादल्याचे प्रायश्चित्त तर नव्हे, असा विचार त्यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये मांडला. छळ सोसलेल्याने आपल्या पूर्वजांनी केलेल्या छळाची आठवण द्यावी, यात युक्तिवादापलीकडचे बळ होते. २१ सप्टेंबर रोजी मसुदा आधारभूत म्हणून १,९९७ विरुद्ध २२४ मतांनी स्वीकारला गेला.

७

संमत जाहीरनाम्याचे पंधरा परिच्छेद आहेत. त्यांतील सिद्धान्त पाहता तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, येथे अधिकाराचे स्वरूप निषेधात्मक आहे. सर्व धर्म सारखेच सत्य आहेत, असे जाहीरनामा म्हणत नाही. कोणाही व्यक्तीला तिच्या विवेकाविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये आणि विवेकानुसार वागण्यास अडथळा करू नये, एवढेच तो म्हणतो. दुसरी, हा अधिकार माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून ठेवलेला नाही. सत्य शोधण्याचे कर्तव्य जो पाळीत नाही त्याचाही तो कायम राहतो, कारण त्याचा आधार मानवी स्वभाव हा आहे. तिसरी, इतरांचे हक्क, सार्वजनिक शांतता व नीती यांवर आधारलेली न्याय्य सुव्यवस्था हीच त्याची मर्यादा. बाराव्या परिच्छेदात, चर्चच्या लोकांचे वर्तन काही वेळा शुभवर्तमानाला धरून नव्हते, अशी संयत कबुली आहे.

परिणाम सर्वप्रथम स्पेनमध्ये दिसला. १९४५ च्या तेथील हक्कविषयक कायद्यात अन्य धर्मीयांना केवळ खाजगी उपासनेची मुभा होती, जाहीर विधी व समारंभ कॅथलिकांचेच. १९५८ च्या मूलभूत कायद्याने देशाचे विधिनियम कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार असतील, असे ठरविले होते. शिकवण बदलल्यावर त्याच तत्त्वानुसार कायदा बदलणे प्राप्त झाले आणि २८ जून १९६७ रोजी धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९७८ च्या संविधानाने तर राजधर्मच राहू दिला नाही.

तथापि सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. पहिल्याच परिच्छेदात, सत्य धर्माविषयी व्यक्ती व समाज यांच्या नैतिक कर्तव्याची पारंपरिक शिकवण अबाधित आहे, असे वाक्य आहे; तिचा नव्या सिद्धान्ताशी मेळ कसा घालावयाचा, हे तेथे सांगितलेले नाही. १९८८ मध्ये लफेव्र यांनी पोपच्या संमतीविना चार बिशपांचा अभिषेक केला, त्यामागील वादांत हा वाद प्रमुख होता. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २२ डिसेंबर २००५ च्या भाषणात तत्त्वांचे सातत्य आणि त्यांच्या ऐतिहासिक उपयोजनातील खंड असा भेद करून उत्तर दिले. ते उत्तर बहुतांशी ग्राह्य आहे. मात्र मोर्तारा प्रकरणात जे घडले त्याला निव्वळ उपयोजनातील चूक म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय जाहीरनामा राज्य आणि व्यक्ती यांच्या संबंधापुरता आहे. चर्चमधील व्यक्तीच्या विचारस्वातंत्र्याबद्दल तो मौन पाळतो. ज्याचे लेखन चर्चच्याच आज्ञेने थांबले होते, त्या मरेंच्या संदर्भात हे मौन विशेष जाणवते.

८

भारतीय अभ्यासकाला या इतिहासात एक ओळखीचा दुवा दिसेल. भारतीय संविधानाने १९५० मध्ये, म्हणजे व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यापूर्वी पंधरा वर्षे, सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आणि त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घातली. संविधान सभेत जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू सदस्य होते. म्हणजे रोमने तत्त्व मान्य करण्यापूर्वीच एक कॅथलिक धर्मगुरू त्या तत्त्वावर उभारलेल्या राज्याच्या घडणीत सहभागी होता.

उद्देशिकेच्या मराठी पाठात व्यक्तीच्या ‘प्रतिष्ठे’चा उल्लेख आहे. या मराठी शब्दाची कहाणी लॅटिन शब्दासारखीच आहे. ‘प्रतिष्ठित’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजूनही गावातील चार वजनदार माणसे येतात. प्रतिष्ठा कमवावी लागते आणि ती जातेही. संविधानातील प्रतिष्ठा कमवावी लागत नाही आणि जात नाही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांतील अंतर रोमन चर्चला कापण्यास एकशे तेहतीस वर्षे लागली, आणि त्या काळात त्या अंतराची किंमत बोलोन्यातील एका कुटुंबासारख्या अनेकांनी दिली. कायद्यात नवा अर्थ लिहिला गेला असतानाही व्यवहारात जुनाच चालू राहतो, तेथे भ्रमाला अधिकार नाही हे प्रमाणवाक्य पुन्हा उच्चारले जाण्याचा संभव असतो. ते उच्चारणारे कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना विचारावयाचा प्रश्न एकच आहे : या वाक्यात माणूस कोठे आहे?